डोळा आधी, पंख मागाहून

मे २०२५ चा दुसरा आठवडा. रात्री साडेदहाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या बाजूला आकाशात एक दिवा लुकलुकतोय आणि मागून कुणीतरी "ड्रोन, ड्रोन" ओरडतंय. मुंबईला उतरणारं विमान वळत होतं, बाकी काही नाही. पण दिवसच तसे होते. ७ तारखेला देशभर मॉक ड्रिल झालेलं, पश्चिम सीमेवर तर पाकिस्तानकडून खरोखरच ड्रोन येत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे सेक्रेटरी काका दुकानात हजर. मी नौपाड्यात सीसीटीव्हीचं काम करतो. त्यामुळे ज्या ज्या वस्तूला कॅमेरा आहे ती मला कळते, असा त्यांचा समज आहे.

"अहो, एक विचारू? ते टेहळणीवाले ड्रोन असतात ना, त्यांना वरून नक्की काय दिसतं? आमच्या हिने गच्चीवर पापड घातलेत. ते दिसत असतील?"

मला हसू आलं, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. लोक ड्रोन म्हटलं की विमानाकडे बघतात. किती उंच जातं, किती वेगाने जातं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न असतो: काय दिसायला हवं आणि किती लांबून? त्यावर कॅमेरा ठरतो. खांब, ब्रॅकेट, केबल हे सगळं मागाहून येतं. टेहळणीचा ड्रोनही असाच बनतो. आधी डोळा ठरतो. मग तो डोळा तिथवर न्यायचा कसा, हलू द्यायचा नाही कसा आणि त्याला दिसलेलं घरी आणायचं कसं, यात बाकीचं सगळं यंत्र खर्ची पडतं. पंख म्हणजे आमचा खांबच, फक्त हलता.

तेव्हा आपल्या गेटवरच्या कॅमेऱ्यापासूनच सुरू करू. नेहमीचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा आडव्या ओळीत २५६० ठिपके टिपतो. भिंगाची नजर ९० अंश रुंद असेल, तर १० मीटरवर त्याला २० मीटरचा पट्टा दिसतो. म्हणजे मीटरमागे १२८ ठिपके. याचं एक युरोपीय मानक आमच्याकडे सर्रास वापरतात. मीटरमागे २५ ठिपके पडले तर कुणीतरी आहे एवढं कळतं, १२५ पडले तर रोजच्या बघण्यातला माणूस ओळखू येतो आणि २५० पडले तरच परक्या माणसाची ओळख पटवता येते. हिशेब करा: याच कॅमेऱ्यात ५ मीटरपर्यंत ओळख पटते, १० मीटरपर्यंत शेजारी कळतो आणि ५० मीटरवर नुसतं 'कुणीतरी' उरतं. गिऱ्हाईक मात्र ५० मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट मागतं. दिसली नाही की कॅमेरा 'चायना माल' ठरतो.

लष्कराने हा हिशेब आमच्या कितीतरी आधी केला होता. अमेरिकी लष्करासाठी काम करणारे जॉन जॉन्सन यांनी रणगाडे, जीप, माणसं यांच्या प्रतिकृती लोकांना दुर्बिणीसारख्या उपकरणांतून दाखवल्या आणि कधी काय ओळखू येतं याची मोजदाद केली. १९५८ मध्ये मांडलेले त्यांचे ठोकताळे आजही वापरात आहेत. आजच्या ठिपक्यांच्या भाषेत ते असे: वस्तूच्या आखूड बाजूवर २ ठिपके पडले तर तिथे काहीतरी आहे हे कळतं, ८ पडले तर तो रणगाडा की ट्रक हे कळतं आणि १३ च्या आसपास पडले तर कुठल्या जातीचा रणगाडा तेही. बरं, 'कळतं' म्हणजे बघणाऱ्यांपैकी निम्म्यांना कळतं. उरलेले निम्मे चुकतात. बातम्यांत 'ड्रोनने टिपलं' असं वाचताना मला हे निम्मे नेहमी आठवतात.

आता पापडांकडे येऊ. ड्रोन आपल्यापासून ५ किलोमीटरवर आहे असं धरा. त्याच्या कॅमेऱ्याची नजर २ अंशांची, म्हणजे बरीच अरुंद, आणि आडवे ठिपके १२८०. एवढ्या अंतरावर २ अंशांत सुमारे १७५ मीटरचा पट्टा मावतो. भागाकार केला की एका ठिपक्याच्या वाट्याला साडेतेरा सेंटिमीटर येतात. काकूंच्या उडदाच्या पापडाची रुंदी जवळपास तेवढीच. थोडक्यात, एक पापड म्हणजे एक ठिपका. काकू स्वतः गच्चीवर उभ्या असल्या तर अर्ध्या मीटरच्या रुंदीवर साडेतीन-चार ठिपके. कुणीतरी आहे एवढं नक्की, पण बाई की पुरुष, हातात लाटणं की बंदूक, हे सांगता येणार नाही. खाली उभा ट्रक मात्र ट्रक म्हणूनच दिसेल.

"म्हणजे दिसतात!" काका म्हणाले.

"ठिपके दिसतात, काका. ते पापड आहेत हे त्याला कोण सांगणार?"

अर्थात भिंग आणखी लांब पल्ल्याचं लावता येतं. नजर २ अंशांवरून ०.२ अंशावर आणली की त्याच अंतरावर साडेसतरा मीटरचा तुकडा पूर्ण चित्र व्यापतो आणि मीटरमागे सत्तरेक ठिपके मिळतात. पण मग दुसरी पंचाईत होते. नळीला डोळा लावून बाजार बघितल्यासारखं होतं. एक गच्ची छान दिसते, शेजारची गच्ची गायब. म्हणून टेहळणीत दोन नजरा लागतात: रुंद नजरेने शोधायचं, अरुंद नजरेने बघायचं. नजर जितकी अरुंद, तितका थरथराटही मोठा होऊन दिसतो. खरी कारागिरी इथे लागते.

०.०१ अंश म्हणजे किती? फूटपट्टीचं एक टोक धरून ठेवा आणि दुसरं टोक केसाच्या जाडीएवढं हलवा, साधारण तेवढं. कॅमेरा इतकाच हलला तर ५ किलोमीटरवर चित्र ८७ सेंटिमीटर सरकतं. आणि हा कॅमेरा बसलेला असतो इंजिनाच्या धडधडीत, वाऱ्याच्या धक्क्यांत, ताशी शंभर-दोनशे किलोमीटरने पुढे जाणाऱ्या विमानाच्या पोटाला. खांब हलतो म्हणून घोडबंदर रोडवरचं माझं एक काम मला तीनदा करावं लागलं होतं. मोठा ट्रेलर गेला की चित्र नाचायचं. तो खांब तर जमिनीत चार फूट पुरलेला होता.

यावर उपाय आहे गिंबल. कोंबडी हातात धरून तिचं अंग डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलवून बघा. अंग हलतं, डोकं जागच्या जागी राहतं. लहानपणी घणसोलीत मामाच्या अंगणात आम्ही हा खेळ तास तास करायचो आणि कोंबडीपेक्षा मामीच जास्त वैतागायची. गिंबल म्हणजे ते डोकं. ड्रोनच्या नाकाखाली जो गोल चेंडू दिसतो, त्यात एकात एक बसवलेल्या चौकटी असतात, त्यांना मोटारी आणि जायरोस्कोप जोडलेले असतात. विमान डावीकडे कललं की जायरोला ते तत्क्षणी कळतं आणि मोटार कॅमेऱ्याला तेवढंच उजवीकडे वळवते. हे सेकंदाला शेकडो वेळा चालू असतं. उरलासुरला थरथराट भिंगातली हलती काच आणि संगणक मिळून काढतात. चांगला गिंबल बनवणं हे चांगलं विमान बनवण्याइतकंच अवघड काम आहे.

त्याच चेंडूत बहुधा एक लेझरही असतो, अंतर मोजायला. ड्रोन कुठे आहे हे माहीत असतं, कॅमेरा कुठल्या कोनात बघतोय हे गिंबल सांगतो आणि अंतर लेझर सांगतो. तिन्ही जुळले की समोरच्या ट्रकचे अक्षांश-रेखांश हातात येतात. लष्कराला हवे असतात ते हे आकडे. मागे बसलेल्या तोफखान्याला सुंदर व्हिडिओ घेऊन काय करायचंय?

रात्रीसाठी थर्मल कॅमेरा. तो उजेड बघत नाही, प्रत्येक वस्तूतून निघणारी उष्णता बघतो. याबाबतची माझी फजिती सांगतो. तुर्भ्याच्या एका गोदामात पहिल्यांदाच थर्मल लावायचा होता. पावसाने भिजू नये म्हणून मी शहाणपणा करून तो खिडकीच्या काचेआड बसवला. चालू केल्यावर पडद्यावर एक धूसर, तेजस्वी माणूस दिसला. मी हात हलवला, त्यानेही हलवला. मीच होतो. खिडकीची साधी काच ही उष्णता पलीकडून येऊच देत नाही. उलट आपल्याच अंगाची उष्णता आरशासारखी परत करते. म्हणून थर्मलचं भिंग जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याचं असतं. हातात घेतलं तर चकचकीत धातूचा तुकडाच वाटतो, आरपार काही दिसत नाही. महाग का, ते तेव्हा कळलं.

छोट्या ड्रोनमध्ये साधा थर्मल असतो. मोठ्यांमध्ये त्याचा सेन्सर उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवतात, कारण सेन्सर स्वतःच गरम असेल तर लांबच्या इंजिनाची ऊब त्यात हरवून जाते. त्यासाठी आत चिमुकला फ्रीज चालू असतो. थर्मलची एक गंमत मात्र पापडांना लागू आहे. धावपट्टीवर उभं असलेलं विमान उडून गेलं, तरी त्याच्या सावलीची थंड आकृती काही वेळ डांबरावर तशीच दिसत राहते. गच्चीवर दिवसभर पापडांची चादर अंथरली असेल, तर संध्याकाळी ती उचलल्यावरही तापलेल्या लादीवर तिचा गार चौकोन थोडा वेळ राहील. उलट पहाटे आणि सांजेला अशी एक वेळ येते की माणूस सोडून झाड, दगड, लोखंड सगळं सारख्याच तापमानाचं होतं आणि चित्र पुसल्यासारखं सपाट दिसतं.

आणि आपला पावसाळा? जुलैत येऊरचा डोंगर पाचपाखाडीतून दिसत नाही, तिथे कॅमेरा काय करणार आणि थर्मल काय करणार. ढगातून बघायला रडार लागतं. पण रडारच्या चित्रात बारकावा हवा असेल तर अँटेना लांबलचक लागते. ३ सेंटिमीटर लहरीच्या रडारला २० किलोमीटरवरची एक मीटरची वस्तू वेगळी दाखवायची असेल, तर सरळ हिशेबाने ६०० मीटर लांब अँटेना हवी. बारा डब्यांच्या दोन लोकल एकापुढे एक लावल्या तरी पुरणार नाहीत. ती विमानाला कुठून लावणार? युक्ती अशी की अँटेना छोटीच ठेवायची, पण विमान पुढे सरकत असताना जागोजागी प्रतिध्वनी नोंदवत जायचे आणि नंतर संगणकाने ते असे जुळवायचे की जणू त्या सगळ्या जागी मिळून एकच लांब अँटेना होती. याला सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार म्हणतात. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे. विमानाचं पुढे जाणं, जे कॅमेऱ्याला त्रासाचं, तेच इथे कामाला लावलंय.

डोळ्याचं झालं. आता खांब.

दुपारी ऐरोली पुलावरून जाताना पारसिकच्या डोंगरावर घारी बघा. पंख न हलवता गोल गोल. लांब पसरलेले पंख, फारशी घाई नाही, खर्च कमी. टेहळणीच्या विमानाचे पंख याच कारणासाठी लांब आणि अरुंद असतात. चांगल्या पंखांच्या १५ किलोच्या विमानाला हवेत ठेवायला पुढे जेमतेम एक-दीड किलोचा रेटा पुरतो. वजन पंख तोलतात. चार पंख्यांच्या ड्रोनला मात्र पूर्ण १५ किलो सतत वर ढकलत राहावं लागतं. लग्नातला ड्रोन अर्ध्या तासात बॅटरी बदलायला खाली का येतो, हे यातून कळतं. बॅटरीही बिचारी गरीब आहे. किलोभर लिथियम बॅटरीत दोन-अडीचशे वॅट-तास मावतात. किलोभर पेट्रोलमध्ये बारा हजार. इंजिनाने त्यातले तीन चतुर्थांश उष्णतेत उडवले तरी तीन हजार उरतात. म्हणून तासभर उडणारा ड्रोन बॅटरीवर आणि दिवसभर उडणारा पेट्रोलवर, अशी ढोबळ वाटणी झालेली आहे. इस्रायलच्या हेरॉनमध्ये आणि तुर्कस्तानच्या बायरकतार टीबी-२ मध्ये रोटॅक्स कंपनीची इंजिनं आहेत. हौशी लोकांच्या छोट्या विमानांत असतात तीच जात.

इंजिन शेपटीकडे का, हाही प्रश्न काकांनी विचारला होता. पुढे पंखा फिरत असेल तर कॅमेऱ्यासमोर पातं आणि तेलाचे शिंतोडे येणार. नाक डोळ्यासाठी मोकळं ठेवायचं म्हणून पंखा मागे. आणि अमेरिकेच्या प्रिडेटर, रीपर या ड्रोनच्या डोक्यावर जो फुगवटा दिसतो, तो बघून पायलटची जागा असावी असं वाटतं. आत उपग्रहाकडे तोंड केलेली तबकडी असते. आपल्या गच्चीवरच्या डिशची धाकटी बहीण.

पंख हवेत आणि धावपट्टी नको, असं सैनिकांचं नेहमीचं म्हणणं. डोंगरात धावपट्टी कुठून आणायची? त्याचं एक उत्तर आपल्या शेजारीच, महापेच्या एमआयडीसीत तयार झालं. आयआयटी मुंबईतून शिकून निघालेल्या तरुणांनी २००७ मध्ये सुरू केलेली आयडियाफोर्ज ही कंपनी तिथली. डीआरडीओबरोबर त्यांनी 'नेत्र' हा चार पंख्यांचा ड्रोन केला. त्यांचा 'स्विच' हा ड्रोन उठतो आणि उतरतो पंख्यांवर सरळ उभा, पण वर गेल्यावर विमानासारखा पंखांवर उडतो. वजन साडेसहा किलोच्या आसपास, उड्डाण दोन तासांचं, पल्ला १५ किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय लष्कराने त्याच्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलरचा करार केला. गलवानला तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

लडाखमध्ये उडवणं म्हणजे काय, ते आपल्याला समुद्रसपाटीवर बसून चटकन कळत नाही. ५००० मीटरवर हवा इथल्या साठ टक्केच दाट असते. पंख्याला ढकलायला हवाच कमी, त्यामुळे तोच ड्रोन तिथे नुसता तरंगत ठेवायला सुमारे तीस टक्के जास्त ताकद लागते. त्यात थंडीने बॅटरी मलूल. महापेत चाचणीला ४० मिनिटं राहिलेलं यंत्र तिथेही ४० मिनिटं राहील असं धरून चाललात तर ते दरीतच सापडायचं.

आता चित्र घरी आणण्याची गोष्ट. सीसीटीव्हीत नव्वद टक्के तक्रारी कॅमेऱ्याच्या नसतातच, केबलच्या असतात. ड्रोनला तर केबलच नाही. रेडिओ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे मधे डोंगर आला की खेळ संपला. कळव्यातून पारसिकच्या पलीकडे ड्रोन पाठवून तिथे खाली उतरवलात, तर चित्र तिथल्या तिथे जाईल. वर गेलात की नजर लांबते: ३०० मीटर उंचीवरच्या ड्रोनपासून जमिनीवरच्या ५ मीटर अँटेनापर्यंत साधारण ८० किलोमीटर सरळ रेषा मिळते, ९००० मीटरवर गेलात तर चारशेच्या जवळ. तिथे मग पृथ्वीचा गोलवाच आडवा येतो. त्यापुढे उपग्रह हवा. तो असतो विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंच. हुकूम वर जाऊन ड्रोनला पोहोचायचा आणि त्याचं चित्र परत यायचं, यात अर्धा सेकंद जातो. अर्धा सेकंद कमी वाटतो. पण उतरताना चाक जमिनीला टेकायच्या बेतात असताना तुम्ही अर्ध्या सेकंदापूर्वीची धावपट्टी बघत असता. म्हणून या मोठ्या ड्रोनना उठवायचं-उतरवायचं काम धावपट्टीजवळचाच चमू सरळ रेडिओवर करत आलाय आणि वर गेल्यावर ताबा समुद्रापलीकडच्या खोलीत जातो. नव्या यंत्रांत उतरणंही आपोआप होऊ लागलंय.

पाठवलेलं चित्र भलत्याच्या हाती पडलं तर? डिसेंबर २००९ मध्ये बाहेर आलं की इराकमधले बंडखोर अमेरिकी प्रिडेटरचा व्हिडिओ आपल्या लॅपटॉपवर बघत होते. उपग्रहावरचे चॅनेल चोरून पकडायचं २६ डॉलरचं सॉफ्टवेअर त्यांना पुरलं, कारण चित्र कुलूपबंद केलेलंच नव्हतं. लाखो डॉलरच्या यंत्राचा पासवर्ड कुणी ठेवलाच नाही, असं समजा. माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या डीव्हीआरचा, म्हणजे सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या डब्याचा, पासवर्ड १२३४५६ असतो. लोकांना सांगून मी थकलो.

सिग्नल चोरण्यापेक्षा बुडवणं सोपं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यांचा आवाज जमिनीवर पोहोचेपर्यंत कुजबुजीएवढा उरतो. जवळ कुणी मोठ्याने ओरडलं की कुजबुज संपली. हा जॅमर. त्याहून लबाड म्हणजे खोटी कुजबुज करून ड्रोनला भलत्याच ठिकाणी असल्याचं पटवणं. म्हणून चांगल्या ड्रोनमध्ये स्वतःच्या हालचालीवरून जागेचा अंदाज बांधणारं यंत्र असतं, खालचा भूभाग ओळखत जाणारा कॅमेरा असतो आणि रेडिओ सेकंदाला अनेकदा वाहिनी बदलत राहतो. युक्रेनमध्ये तर दोन्ही सैन्यांनी हल्ल्याच्या ड्रोनला चक्क दहा-दहा किलोमीटर ऑप्टिकल फायबरची रीळ बांधली. ड्रोन पुढे जातो, मागे केसासारखी तार सुटत जाते, जॅमर हात चोळत बसतो. आमच्या धंद्यातली जुनी माणसं वायफाय कॅमेऱ्याला नाकं मुरडत म्हणायचीच, वायर ती वायर.

आकारांची रेंज बघितली तर डोकं गरगरतं. नॉर्वेत बनलेलं ब्लॅक हॉर्नेट हे हेलिकॉप्टर दहा सेंटिमीटर लांब. पहिली आवृत्ती जेमतेम सोळा ग्रॅमची. ब्रिटिश सैनिक ते अफगाणिस्तानात भिंतीपलीकडे डोकावायला वापरायचे. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचा ग्लोबल हॉक: पंख टोकापासून टोकापर्यंत जवळपास ४० मीटर, म्हणजे आपण पुण्या-दिल्लीला जातो त्या एअरबस ३२० पेक्षाही लांब, उंची ६० हजार फूट, एका दमात तीस तासांहून अधिक. मधल्या गटात आपल्याकडचा हेरॉन आणि अमेरिकी एमक्यू-९बी. दोन एमक्यू-९बी आपल्या नौदलाने २०२० मध्ये भाड्याने घेतले. त्यातला एक सप्टेंबर २०२४ मध्ये बिघाड होऊन बंगालच्या उपसागरात उतरवावा लागला. तरी पुढच्याच महिन्यात भारताने ३१ यंत्रांचा करार केला: १५ नौदलाला, ८ लष्कराला, ८ हवाई दलाला. समुद्रावर तासन्‌तास डोळे उघडे ठेवायला असंच यंत्र लागतं, हे त्यामागचं गणित.

मला स्वतःला मात्र जास्त आवडतो तो रशियाचा ओरलान-१०. पंधराएक किलोचा, गलोलीसारख्या यंत्रातून उडवायचा, पॅराशूटने उतरवायचा. युक्रेनच्या सैनिकांनी पडलेला एक ओरलान कॅमेऱ्यासमोर उघडला, तर आत दुकानात मिळतो तो कॅननचा कॅमेरा चिकटवून बसवलेला आणि इंधनटाकीच्या तोंडाला प्लास्टिकच्या बाटलीचं बूच. जगभर लोक हसले. मला हसू आलं नाही. बुचाने टाकी गळत नसेल तर बूच ठीक आहे. तेच यंत्र रशियन तोफांना नेम दाखवत होतं, आणि एक पडलं की दुसरं उडत होतं.

किमतीचा मुद्दा इथेच येतो. २० जून २०१९ ला होर्मुझच्या सामुद्रधुनीवर इराणने अमेरिकेचा ग्लोबल हॉक जातीचा ड्रोन एका क्षेपणास्त्राने पाडला. दहा कोटी डॉलरहून महाग यंत्र, उंच आणि संथ, स्वतःला वाचवायचं फारसं साधन नाही. जिथे वर कुणी गोळीबार करत नाही तिथे मोठा ड्रोन राजा. जिथे करतात तिथे स्वस्त आणि पुष्कळ हवेत. इस्रायलने १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात हे ओळखलं होतं. छोटी बिनमाणसांची विमानं वर पाठवून सीरियाच्या क्षेपणास्त्र तळांवर नजर ठेवली, फसवी विमानं सोडून त्यांची रडारं चालू करायला लावली आणि मग खरी लढाऊ विमानं आली. आमच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरत होता त्याच दिवसांत, ८ मे २०२५ च्या रात्री, पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीनशे-चारशे ड्रोन पाठवल्याचं भारतीय लष्कराने सांगितलं होतं आणि त्यामागे आपल्या हवाई संरक्षणाची चाचपणी करण्याचा हेतू असावा असंही. रडार चालू झालं, तोफ उडाली, की ती कुठे आहे ते समजलं. अशा वेळी ड्रोनने काही बघितलंच पाहिजे असं नाही. त्याच्याकडे कोण बघतंय, एवढं कळलं तरी पुष्कळ.

शेवटी उरतो पडद्यासमोरचा माणूस, आणि माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा तोच. अमेरिकेने आर्गस नावाची यंत्रणा केली: मोबाइलमधल्या कॅमेऱ्यांच्या ३६८ चिप एकत्र जोडून १८० कोटी ठिपक्यांचं एकच चित्र. सगळं शहर एका नजरेत. पण बघायचं कुणी? आपल्या सोसायटीत सोळा चौकोन आहेत पडद्यावर आणि रात्री दोन वाजता वॉचमन त्यातला एकही बघत नसतो, मोबाइलवर रील बघत असतो. दोष त्याचा नाही. हलत नसलेल्या चित्राकडे माणूस तासन्‌तास टक लावून बघूच शकत नाही. म्हणून एक ड्रोन चोवीस तास वर ठेवायचा तर खाली पाळ्यांनी माणसं लागतात: उडवणारे, कॅमेरा फिरवणारे, बघून अर्थ लावणारे, दुरुस्तीवाले. बिनमाणसांचं विमान म्हणतात, पण माणसं फक्त खाली आलीत. आता निवड करायला संगणक बसवतात. काल इथे ट्रक नव्हता, आज आहे, बघा. तो ट्रक टोमॅटोचा की दारूगोळ्याचा, हे अजून माणसालाच ठरवावं लागतं.

हे सगळं मी काकांना एका बैठकीत सांगितलं नाही. दोन चहा आणि मधे एक गिऱ्हाईक झालं. ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे पाच किलोमीटरवरून तो ट्रक ओळखतो," ते म्हणाले, "आणि आपल्या गेटवरचा कॅमेरा परवा ती कार घासून गेली तिचा नंबर सांगत नाही."

"काका, तो ९० अंशांचा आहे. सगळं गेट दिसावं म्हणून तुम्हीच घ्यायला लावलात. नंबरासाठी अरुंद नजरेचा वेगळा लावावा लागेल, गाडी जिथे थांबते तिथे नेम धरून."

त्यांनी कोटेशन मागितलं. दिलं. ते अजून कमिटीपुढे आहे.